मालकांनो, ट्रायलच्या दिवसांचा पगार द्या

प्रति,
सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील हॉटेल, रिसॉर्ट, खानावळ, होमस्टे आणि जलक्रीडा व्यवसायातले सर्व मालक व त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी.

प्रत कारवाईसाठी: जिल्हा कामगार कार्यालय.

सप्रेम नमस्कार.

मे महिना तोंडावर आला आणि तुमच्या जाहिराती पुन्हा फिरू लागल्या. ‘किचन हेल्पर, वेटर, रूम बॉय पाहिजेत. जेवण-राहणं फुकट. पाच दिवस ट्रायल. ट्रायलचा पगार मिळणार नाही.’ पूर्वी हे शेवटचं वाक्य माणूस दारात आल्यावर तोंडी सांगितलं जायचं, तेही जरा अडखळत. आता ते ठळक अक्षरांत लिहून गावोगावच्या ग्रुपवर टाकलं जातं. आमच्या भागातल्या काही मालकांनी तर आपसात ठरवलंय, की ट्रायलचे पैसे यापुढे कुणीच द्यायचे नाहीत. एकाने दिले तर कामगार त्याच्याकडे जातील, म्हणून सगळ्यांनीच हात आखडता घ्यायचा. हे कानावर आलं तेव्हापासून मला चैन नाही.

मी स्वयंपाकीण आहे. मालवणात एका खानावळीत भाकऱ्या भाजण्यापासून सुरुवात केली, पुढे रिसॉर्टच्या किचनची पूर्ण जबाबदारी सांभाळली. आता वाडीतल्या बचत गटाच्या बायकांबरोबर जेवणाच्या ऑर्डरी घेते. कुणाची मुलगी बारावी झाली, कुणाचा मुलगा मुंबईहून परत आला, की आईबाप माझ्याकडे येतात. ‘मावशे, खय काम गावात काय गो?’ म्हणजे कुठे काम मिळेल का. मी फोन करते, ओळखीने तुमच्याकडे पाठवते. तुमच्या किचनमधली कितीतरी पोरं माझ्या शब्दावर आलेली आहेत. त्यामुळे त्यांच्याशी तुम्ही कसं वागता हे विचारायचा हक्क मला आहे असं मी मानते.

गेल्या डिसेंबरात माझी भाची अशीच एका रिसॉर्टमध्ये गेली. नाव लिहीत नाही, कारण भांडण एका मालकाशी नाही. तिला बोलावलं नाताळच्या आठवड्यात. जागा किचनमध्ये कायमची आहे, आधी ट्रायल, असं सांगितलं. खोल्या सगळ्या भरलेल्या, दर एरवीच्या दुप्पट. सकाळी न्याहारीचे घावने, अकरापासून मच्छी साफ करणं, मसाल्याचं वाटप वाटणं, दुपारी दोन पंगती, संध्याकाळी पुन्हा तेच. 31 डिसेंबरच्या रात्री ती सुरमईच्या तुकड्या तळत तव्यासमोर उभी होती ती मध्यरात्र उलटून गेल्यावर बाजूला झाली. शेवटची एसटी कधीच गेली होती. झोपायला जागा मिळाली कोठीच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी. वयाची विशी न ओलांडलेली मुलगी, आणि त्या खोलीला आतून कडी नव्हती. सकाळी सहाला पुन्हा तवा. पाहुणे गेले, खोल्या रिकाम्या झाल्या, आणि मॅनेजरने तिला फोनवर कळवलं की स्पीड कमी पडतो, सध्या गरज नाही. तिने हिशोब विचारला. मला येऊन म्हणाली, ‘मावशे, म्हणतत ट्रायलचे पैसे नसतत.’ जानेवारीअखेरच्या जोडून आलेल्या सुट्टीत त्याच जागेवर दुसरी मुलगी होती. तीही ट्रायलवर.

स्पीडचं म्हणाल तर, ज्या मुलीचा स्पीड कमी होता तिच्याच हातचं जेवण त्या आठवडाभर तुमचे पाहुणे जेवले. पहिल्या दिवशीच ती कमी पडत होती, तर तिला दुसऱ्या दिवशी तव्यासमोर उभी का केली?

माणूस पारखायला किती वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, मी स्वतः माणसं पारखून घेतली आहेत. स्वयंपाकाला आलेल्या बाईच्या हातात एक बांगडा द्या. कल्ले कसे काढते, पोट किती फाडते, आतलं काळं खरवडून काढते की तसंच पाण्याखाली धरून मोकळी होते, एवढं बघा. नारळ खवून रस काढायला सांगा. सोलकढीत कोकमाचं आगळ घालताना चव घेत घेत घालते की ओतून देते ते बघा. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं कधी टाकायची हे विचारा. बिडाच्या तव्यावर घावन घालायला लावा. पहिलं घावन कुणाचंही चिकटतं, दुसरं कसं सुटतं त्यावर हात कळतो. तासाभरात सगळं समजतं. रूमच्या कामाला आलेल्याकडून एक पलंग लावून घ्या, एक न्हाणीघर धुऊन घ्या. रिसेप्शनला बसवायचं असेल तर एक बुकिंग कॉम्प्युटरवर चढवायला सांगा. या तासाचे पैसे कुणी मागत नाही, मीही मागणार नाही. पण तिने साफ केलेली मच्छी पाहुण्याच्या ताटात गेली, त्या ताटाचं बिल तुम्ही घेतलंत, की तिची परीक्षा तिथे संपली आणि नोकरी सुरू झाली. बिल वसूल झालं, मग मजुरी का नाही?

आपल्याकडे रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्याच्या, दोरीला हात लावणाऱ्या पोरालासुद्धा चार बांगडे मिळतात. तो रापण संघाचा आहे की नाही हे त्या वेळी कुणी विचारत नाही. ही आपल्या किनाऱ्याची रीत आहे, आणि तुमच्यातले निम्मे त्याच घरांतले आहेत.

आता माझ्या तक्रारी एकेक करून सांगते.

ट्रायल नेहमी गर्दीतच का लागते? दिवाळीची सुट्टी, नाताळ, जोडून आलेले शनिवार-रविवार, मे महिना. जून ते ऑगस्ट समुद्रातले खेळ बंद असतात, खोल्या ओस पडतात, तेव्हा तुम्हाला माणूस निवांत पारखता येईल, शिकवताही येईल. त्या दिवसांत ट्रायलला बोलावलेला एकही मुलगा माझ्या पाहण्यात नाही. म्हणजे तुम्हाला नोकर पारखायचा नसतो, गर्दी निभावायची असते. त्यासाठी जादा माणसं लागतात हे मला मान्य आहे. मग त्यांना रोजंदारीवर बोलवा, तसं सांगून बोलवा. कायम नोकरीची आशा दाखवून चार दिवस फुकट काढून घेणं ही फसवणूक आहे, आणि मी हा शब्द विचार करून लिहिते आहे.

कितीतरी ठिकाणी मुळात जागाच रिकामी नसते. एकाच जागेची जाहिरात अख्खा सीझन फिरते. एक मुलगा जातो, दुसरा येतो, तिसरा येतो. कुणालाही का नाही म्हटलं ते धड सांगितलं जात नाही. ‘कळवतो’ म्हणतात आणि नंतर फोन उचलत नाहीत. मुलगा मात्र घरी बसून आपल्यातच काय कमी आहे ते शोधत राहतो. यातून पोरांचा जो धीर खचतो तो मी जवळून पाहिलाय. भाची दोन महिने कुठे अर्ज करायला तयार नव्हती.

ट्रायल मालकाला फुकट पडते, पण मुलाला नाही. गाडीभाडं त्याचं. महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं हे खरं, पण स्टँडपासून किनाऱ्यापर्यंतची रिक्षा कुणी अर्ध्यात नेत नाही. काळी पँट, बूट, पांढरा शर्ट त्यानेच आणायचा. आणि बुडालेल्या रोजाचं काय? आत्ता आंब्याचे दिवस आहेत. बागेत काढणीला, पेट्या भरायला, काजू गोळा करायला माणूस मिळत नाही, आणि तिथे संध्याकाळी हातावर पैसे पडतात. ते सोडून पोरगा तुमच्याकडे येतो, कारण त्याला बारा महिन्यांची नोकरी हवी असते. बरं, ज्याच्या घरी खायची चिंता नाही तोच असे पाच दिवस फुकट काढू शकतो. ज्याला नोकरीची सगळ्यांत जास्त गरज तो आधीच गळतो.

चौथी गोष्ट माझ्या मते सगळ्यांत गंभीर. ट्रायलवरचा माणूस तुमच्या हजेरीपटावर नसतो. एका किचनमध्ये मुलाच्या मनगटावर उकळतं तेल उडालं. मलम लावून त्याला रिक्षात बसवून घरी पाठवलं. पुढे ड्रेसिंगचा खर्च बापाने केला. ‘तो आमचा कामगार नव्हता’ हे उत्तर तयारच होतं. समुद्रावर तर याहून कठीण. स्नॉर्कलिंगच्या, पॅरासेलिंगच्या बोटीवर हेल्पर म्हणून नवीन पोरं ट्रायलवर घेतली जातात. त्यातलं कुणी पाण्यात गेलं, दोरात अडकलं, तर तो कुणाचा माणूस म्हणायचा? नाव कुठेच नाही, विमा नाही. पाहुण्याला लाइफ जॅकेट घालायला लावता त्याच बोटीवर उभ्या असलेल्या पोराची नोंदही करत नाही.

लिहायच्या-दाखवायच्या कामांतही हेच शिरलंय. फोटो काढणाऱ्या, व्हिडिओ करणाऱ्या मुलांना सांगतात, आधी आमच्या प्रॉपर्टीची एक रील करून दाखवा, मग ठरवू. मुलगा ड्रोन भाड्याने आणतो, दोन दिवस खपतो. नोकरी मिळत नाही आणि त्याची रील मात्र तुमच्या पानावर झळकत राहते, खाली बुकिंगचा नंबर. एका मुलीने मेनूकार्ड मराठी-इंग्रजीत लिहून दिलं, तिला नकार दिला आणि तेच कार्ड छापून टेबलावर ठेवलं.

तुमचीही बाजू आहे, ती मी ऐकलेली आहे आणि किचन चालवलं असल्याने थोडी भोगलेलीही. माणूस पहिला पगार घेऊन पसार होतो. नवीन मुलगा मच्छी वाया घालवतो, काच फोडतो. चार खोल्यांचा होमस्टे नवराबायको मिळून चालवतात, त्यांच्याकडे शिकवायला वेळ नाही, कर्जाचे हप्ते डोक्यावर आहेत. सगळं खरं. पण याला उपाय पगारी उमेदवारी आहे, फुकटची ट्रायल नाही. महिना-दोन महिने प्रोबेशनवर घ्या, नाही जमलं तर हिशोब करून मोकळं करा. कायदा शिकाऊ उमेदवारालासुद्धा विद्यावेतन देतो, तेही आजचं नाही, 1961 पासून.

‘इथल्या पोरांना काम नको असतं, टिकत नाहीत’ हे तर मी प्रत्येक मालकाच्या तोंडून ऐकलंय. मग तीच पोरं बांद्यावरून पलीकडे गोव्यात जाऊन हॉटेलांत वर्षानुवर्षं कशी टिकतात? तुमच्या किचनमध्ये नेपाळहून, झारखंडहून आलेले भाऊ राबतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, तेही पोटासाठीच आलेत. पण 1997 साली सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला तेव्हा घराघरांत हेच सांगितलं गेलं होतं की आता पोरांना मुंबई गाठावी लागणार नाही. त्या भरवशावर लोकांनी किनाऱ्याच्या जागा दिल्या, माडाच्या बागा दिल्या. त्या घरातला मुलगा दारात आल्यावर त्याचं पहिलं काम फुकट घ्यायचं, आणि वर तो टिकत नाही म्हणायचं, हे मला पटत नाही.

कायद्याचं थोडक्यात लिहिते, कारण ‘ट्रायलला कायदा नाही’ असं मला तोंडावर सांगण्यात आलंय. राज्यघटनेच्या 23व्या कलमाने वेठबिगारीला मनाई आहे. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की किमान वेतनाहून कमी पैशांत घेतलेलं काम हेही सक्तीचं कामच, मग ती सक्ती गरिबीतून, भुकेतून आलेली का असेना. 2019 ची वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. किमान वेतन आता ठराविक यादीतल्या धंद्यांपुरतं राहिलेलं नाही. कामाच्या अटी लिहून दिलेल्या नसल्या तरी माणूस कामगार ठरू शकतो. कामावरून काढलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब चुकता करायचा आहे. पैसे मिळाले नाहीत असा दावा झाला तर ते दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे, आणि दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. पगार कमी दिला तर 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पगार रोख, चेकने किंवा खात्यात द्यायचा असतो. दोन वेळच्या जेवणाने तो फिटत नाही.

तर माझं मागणं असं आहे.

सगळ्यांत आधी, ट्रायलचे पैसे न देण्याचा जो ठराव आपसात झालाय तो मागे घ्या आणि तसं उघड सांगा. संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी आपल्या सभासदांना लेखी कळवावं.

परीक्षा हवी तर एक तासाची घ्या. त्यात केलेलं काही पाहुण्याला वाढायचं नाही, विकायचं नाही. त्यापुढे माणूस थांबवलात तर तो दिवस पगारी. त्या जागेचा जो रोज बसतो तो पूर्ण, त्याच संध्याकाळी, हातावर किंवा खात्यावर. निवड झाली नाही तरीही.

पहिल्या तासापासून नाव हजेरीपटावर. इजा झाली तर औषधपाणी तुमचं. बोटीवर तर नाव चढवल्याशिवाय कुणाला पाऊल ठेवू देऊ नका. मुलींना रात्री उशिरापर्यंत थांबवलंत तर घरी पोचवायची जबाबदारी घ्या, नाहीतर आतून कडी लागणारी खोली द्या.

जाहिरातीत पगार किती, कामाचे तास किती, जागा किती आणि कायम की सीझनपुरती, हे लिहा. निकाल दोन दिवसांत कळवा, नकार असला तरी. करून घेतलेली रील, फोटो, मेनूकार्ड वापरायचं असेल तर पैसे द्या, नसेल तर काढून टाका.

आणि गेल्या सीझनचे राहिलेले द्या. दिवाळी आणि नाताळात ज्यांच्याकडून ट्रायल म्हणून काम घेतलंत त्यांचे फोन नंबर तुमच्याकडे आहेत. मे सुरू व्हायच्या आत त्यांना बोलावून हिशोब करा.

कामगार कार्यालयाला वेगळी विनंती. तपासणीला पावसात येऊ नका, तेव्हा तुम्हाला कुणी भेटणार नाही. मे महिन्यात, दिवाळीत, 31 डिसेंबरला या आणि थेट किचनमध्ये या. तक्रारीचा नंबर मराठीत लिहून मालवण, वेंगुर्ला, देवगड, गुहागर, दापोली इथल्या एसटी स्टँडवर लावा. तक्रार करणाऱ्याचं नाव मालकापर्यंत पोचणार नाही याची हमी द्या, कारण इथे सगळे एकमेकांना ओळखतात आणि एका ठिकाणी तोंड उघडलं की दहा दारं बंद होतात. पर्यटन विभागानेही निवास-न्याहारी योजनेत नोंदणी करताना, ती वाढवताना, मालकाकडून विनावेतन काम करून घेत नसल्याचं लिहून घ्यावं.

जे मालक ट्रायलचे पैसे चोख देतात, आणि असे आहेत, त्यांनी कृपा करून गप्प राहू नये. तुमच्या जाहिरातीत ‘ट्रायलचा रोज दिला जाईल’ एवढं एक वाक्य घाला. आमच्या वाडीतली माणसं मी आधी तुमच्याकडे पाठवीन.

बाकीच्यांसाठी आम्ही बचत गटातल्या बायकांनी ठरवलंय ते सांगते. या मे महिन्यापासून इथून ट्रायलला जाणारा प्रत्येक जण तारीख, आल्याची वेळ, सुटल्याची वेळ आणि केलेलं काम वहीत लिहून ठेवणार आहे, आणि शक्य तिथे फोटोही. ज्या ट्रायलचे पैसे आठ दिवसांत मिळणार नाहीत तिचा अर्ज कामगार कार्यालयात जाईल. पहिला अर्ज भाचीचा आहे, तो लिहून तयार आहे. संबंधित मालकांना मी पत्र टाकण्याआधी फोनवर तसं कळवलंय.

आपली,
मालवण तालुक्यातली एक स्वयंपाकीण